जुना कॉम्प्युटर भंगारात घालण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चे अपडेट बंद झाल्यापासून जुन्या कॉम्प्युटरचं करायचं काय, हा प्रश्न घराघरांत निघतो आहे. आपल्या सदरातही त्यावर पत्रं आली. बहुतेकांनी शेवटी हात टेकले आहेत: नवीन घ्यावा लागणार, दुसरा इलाज नाही. मी लालबाग-चिंचपोकळी भागात कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान चालवते. दुसरा इलाज आहे, तो मी रोज वापरते आणि त्याबद्दल लिहायला हवं म्हणून हे पत्र. विंडोजच्या जागी लिनक्स नावाची मोफत ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी मूळ प्रणाली, बसवली की तेच यंत्र आणखी कित्येक वर्षं चांगलं चालतं. लोकांना लिनक्स जमतही आहे. जे अडतं ते सरकारी अर्जांपाशी, परीक्षांपाशी आणि जुन्या मराठी फॉन्टपाशी अडतं, आणि या तिन्ही जागा सरकारने मनावर घेतलं तर मोकळ्या होऊ शकतात.

आधी परिस्थिती सांगते. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. घरगुती वापरासाठी एक वर्षाची मुदतवाढ आहे, तीही १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते. विंडोज ११ घ्यायचं तर यंत्रात टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. म्हणजे २०१७ मध्ये दिवाळीच्या बोनसमधून घेतलेला, सातव्या पिढीच्या आय-फाइव्हचा, आठ जीबी रॅमचा लॅपटॉप यात बसत नाही. त्याचा पडदा ठीक, कळफलक ठीक, बॅटरी बदलली की दोन तास चालतो. बंद पडलेलं त्यात काहीच नाही. आडवाटेने अकरा बसवून देणारे आहेत, पण त्या यंत्रांना पुढचे अपडेट मिळत राहतील याची हमी खुद्द मायक्रोसॉफ्ट देत नाही. मग कुणाच्या भरवशावर बसवायचं?

असा लॅपटॉप बगलेत मारून माणसं दुकानात येतात आणि म्हणतात, “ताई, मशीन अकरा घेत नाही. विकून किती येतील?” विकून काय येणार? कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडे तो किलोच्या भावाने जातो. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले, कचऱ्याची विल्हेवाट कशी लावायची ते त्यांत सविस्तर आहे. पण जे यंत्र मुळात कचरा नाही ते कचऱ्यात जाऊ नये, हे बघणारं कोणी नाही. ते काम माझ्यासारख्या दुकानदारांनीच करायचं आहे.

लिनक्स म्हणजे काय, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण एक छोटी ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत असल्याचं जाहीर केलं. त्याच्या आधी, १९८३ मध्ये, रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला होता. दोन्ही एकत्र आले. याचा परवाना असा की कोणीही वापरा, उघडून बघा, बदला, दुसऱ्याला द्या. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्सचाच गाभा आहे. जगातले सर्वांत वेगवान पाचशे महासंगणक २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात. फक्त टेबलावरच्या कॉम्प्युटरवर ते मागे राहिलं होतं, आणि आता तिथेही हलू लागलं आहे. वेबसाइटींवरची वर्दळ मोजणाऱ्या स्टॅटकाउंटरच्या मोजणीत फेब्रुवारी २०२४ मध्ये जगातल्या डेस्कटॉपांमध्ये लिनक्सचा वाटा पहिल्यांदा ४ टक्क्यांच्या वर गेला. जून २०२५ मध्ये अमेरिकेत तो ५ टक्क्यांच्या पुढे होता. लिनक्स वेगवेगळ्या नावांच्या प्रकारांत मिळतं; त्यातल्या झोरिन ओएसची अठरावी आवृत्ती मुद्दाम १४ ऑक्टोबर २०२५ लाच काढली गेली. महिन्याभराच्या आसपास ती दहा लाख वेळा उतरवली गेली आणि त्यातल्या तीन-चतुर्थांशांहून जास्त प्रती विंडोजवरून उतरवल्या गेल्या, असं ती बनवणाऱ्यांनी सांगितलं. विंडोज सोडून नवीन घर शोधणारी माणसं किती आहेत, ते यावरून दिसतं.

आपल्याकडे मात्र हे उशिरा का झालं, याचं कारण धंद्यात असल्यामुळे मला जवळून माहीत आहे. परदेशी लेखांत लिनक्सचा पहिला गुण सांगतात तो म्हणजे फुकट मिळतं. मुंबईत हा मुद्दा कधी चाललाच नाही, कारण इथे विंडोजही फुकटच मिळत आलं. असेंबल केलेल्या मशीनमध्ये चोरीची प्रत घालून द्यायची ही बाजाराची जुनी रीत. गिऱ्हाइकाला वाटायचं विंडोज मशीनबरोबरच येतं. त्या प्रतीला जागं ठेवणारा ‘क्रॅक’ कुठून आला, त्याच्या पोटात आणखी काय होतं, हे कोणी विचारत नव्हतं. मग मशीन मंद व्हायचं, जाहिराती उड्या मारायच्या, आणि दुरुस्तीवाल्याला फोन जायचा: “जरा फॉरमॅट मारून द्या.” फॉरमॅट आणि अँटीव्हायरसचं नूतनीकरण, यावर या धंद्यातली कितीतरी घरं चालली. लिनक्स बसवलं की हे दोन्ही पैसे जवळजवळ बंद होतात. त्यामुळे दुकानदार गिऱ्हाइकाला लिनक्सचं नाव सांगत नाही, आणि दुकानदाराने सांगितल्याशिवाय गिऱ्हाईक ते घेत नाही. मी माझ्या गिऱ्हाइकांशी वर्षाच्या देखभालीचा करार करते. ठरलेली रक्कम, वर्षभर कधीही फोन करा. धंदा त्यावर नीट चालतो. लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारातल्या माझ्या व्यवसायबंधूंनी हे करून बघावं असं मला मनापासून वाटतं.

आता एक काम तपशिलात सांगते, कारण अडचणी नेमक्या कुठे येतात ते त्यातून दिसेल. आमच्या भागातल्या एका गणेशोत्सव मंडळाच्या कार्यालयात सहाव्या पिढीचा डेस्कटॉप आहे. वर्गणीदारांची यादी, पावत्या, जमाखर्च, दरवर्षीच्या स्मरणिकेच्या फाइली, सगळं त्यावर. नवीन मशीनचं कोटेशन कमिटीपुढे आलं होतं. खजिनदार मला म्हणाले, “ताई, एकदा तुम्ही बघा, मग ठरवू.” मी पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, घेऊन गेले. मशीन सुरू होताना येणाऱ्या बूट मेनूतून ते पेनड्राइव्हवरूनच चालू केलं. असं केलं की हार्डडिस्कला हातही लागत नाही, पटलं नाही तर पेनड्राइव्ह काढायचा, विंडोज जिथल्या तिथे. वाय-फाय आपोआप लागलं, मराठी दिसलं, यूट्यूबवर आरती वाजली. कमिटीतल्या मंडळींचं तेवढ्याने समाधान झालं. खजिनदारांचं झालं नाही. ते म्हणाले, “हे सगळं बरोबर. पण माझी यादी उघडेल का? आणि पावती निघेल का?”

यादी उघडली. एमएस ऑफिसच्या जागी वापरता येणाऱ्या मोफत लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये एक्सेलची फाइल जशीच्या तशी आली, वाडीनुसार केलेल्या बेरजाही बरोबर. रकान्यांची रुंदी थोडी हलली, तेवढंच. पावती मात्र निघेना. कार्यालयात तो छोटा काळा-पांढरा लेसर प्रिंटर आहे, जो मुंबईतल्या प्रत्येक झेरॉक्सवाल्याकडे आणि अर्ध्या सोसायट्यांच्या ऑफिसात दिसतो. त्याला लिनक्ससाठी लागणारा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा छोटा प्रोग्रॅम, जुनाट आहे आणि नव्या आवृत्तीवर सरळ बसत नाही. त्या प्रिंटरशी माझी संध्याकाळभर झटापट झाली. शेवटी चालला. कमिटीतल्याच एकाने घरचा दुसऱ्या कंपनीचा प्रिंटर आणून लावला, तर त्याचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीच होता, वायर जोडताच पहिलं पान बाहेर आलं. लिनक्सवर जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला मी म्हणून सांगते: कॉम्प्युटरची काळजी करू नका, आधी प्रिंटरचा मॉडेल नंबर मला द्या.

खरं काम स्मरणिकेने काढलं. मंडळाची जवळपास वीस वर्षांची स्मरणिका आणि इतिवृत्तं एका जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली. लिनक्सवर फाइल उघडली तर रोमन अक्षरं, टिंबं आणि डॉलरची चिन्हं यांची खिचडी. सगळे माझ्याकडे बघायला लागले, जणू लिनक्सनेच फाइल खराब केली. मी तीच फाइल दुसऱ्या एका विंडोजच्या लॅपटॉपवर, ज्यात तो फॉन्ट नव्हता, उघडून दाखवली. तिथेही तीच खिचडी. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी जागतिक पद्धत, रुळण्याच्या आधी मराठी अशीच टाइप व्हायची: फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षराचा क्रमांक साठवलेला असतो आणि फॉन्ट त्याच्यावर ‘क’चं चित्र चढवतो. फॉन्ट गेला की मराठी गेली. ती मराठी एका फॉन्टच्या फाइलीत अडकलेली असते.

ती सोडवायची तर रूपांतर करणारे प्रोग्रॅम आहेत, मी वापरले. पण रूपांतरात रफार आणि वेलांट्या घसरतात. ‘सुर्वे’ हे आडनाव ‘सुवेर्’ होऊन आलं. ‘शिंदे’ची वेलांटी ‘श’च्या आधी जाऊन नुसत्या वर्तुळावर लटकली. वर्गणीदारांच्या यादीत सुर्वे, कुर्ले, मिर्लेकर असे किती! शेजारच्या चाळीत एक आजोबा राहतात. गिरगावातल्या छापखान्यात खिळे जुळवण्यात त्यांची उमेद गेली. त्यांना बोलावलं. खुर्चीवर ताठ बसून त्यांनी एकेक पान वाचलं आणि मी बोटाखाली दुरुस्त करत गेले. कुठल्या वर्षी कोण अध्यक्ष होतं, कुणाचं नाव स्मरणिकेत चुकलं म्हणून भांडण झालं होतं, सगळं त्यांना तोंडपाठ. काम संपल्यावर त्यांनी एकच विचारलं, “बाई, हे आता परत करावं लागणार नाही ना?” नाही, आजोबा. युनिकोडमध्ये आलेलं मराठी कुठल्याही यंत्रावर, कुठल्याही सिस्टीमवर मराठीच राहतं. मंडळाचा डेस्कटॉप आज मिंटवर आहे. नवीन मशीनचे पैसे वाचले, ते वह्यावाटपात गेले.

यातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. मराठी टाइप करायला लिनक्समध्ये काही कमी नाही. भारतीय लिपींसाठीची इन्स्क्रिप्ट ही कळफलकाची मांडणी आहे, उच्चारानुसार टाइप करायची सोय आहे. इन्स्क्रिप्ट तर आपली स्वतःची. १९९१ मध्ये, म्हणजे लिनक्स जन्मलं त्याच वर्षी, भारतीय मानक ब्युरोने इस्की या भारतीय लिपींच्या संकेतप्रणालीबरोबर ती मानक म्हणून स्वीकारली, आणि पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेचं भारतीय भाषांसाठीचं त्या काळातलं काम मोठंच आहे. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला, आम्ही लालबागमध्ये पेढे वाटले. पण सरकारी कचेऱ्यांतून आजही जुन्या फॉन्टमधली परिपत्रकं फिरताना मला दिसतात. मंत्रालयापासून ग्रामपंचायतीपर्यंत जिथे जिथे असा जुना मजकूर पडून आहे, तो युनिकोडमध्ये आणण्याचं काम हाती घ्यायला हवं. निवृत्त कंपोझिटर आणि मुद्रितशोधक या शहरात अजून हयात आहेत. आणखी काही वर्षांनी नसतील.

दुसरी अडचण अर्जांची. काही सरकारी कामांसाठी मॅक्रो, म्हणजे आपोआप काम करणाऱ्या आज्ञा, घातलेली एक्सेल फाइल उतरवून भरावी लागते. ती लिबरऑफिसमध्ये उघडते, पण त्यातली बटणं दाबली तर हलत नाहीत. डिजिटल सहीचा पेनड्राइव्हसारखा यूएसबी टोकन असतो, त्याचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर कंपन्या देतात, पण संकेतस्थळावर सही करण्यासाठी लागणारा छोटा प्रोग्रॅम कधी कधी विंडोजपुरताच असतो. एका सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंना केवळ एका सहीसाठी मुलाच्या ऑफिसचा लॅपटॉप मागून आणावा लागला. केंद्र सरकारचं ई-गव्हर्नन्ससाठीचं मुक्त मानकांचं धोरण नोव्हेंबर २०१० चं आहे. मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचं धोरण २०१५ चं. कागदावर सगळं आहे. नागरिकाला सरकारशी बोलायला एका विशिष्ट कंपनीचं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागू नये, एवढीच त्यामागची साधी अपेक्षा. ब्राउझरमध्ये भरता येणारा अर्ज आणि पीडीएफ, इतक्यात बहुतेक कामं भागतात.

तिसरी अडचण परीक्षांची, आणि ती मला सर्वांत जास्त टोचते. डिप्लोमाला जाणारी एक मुलगी माझ्याकडे जुना लॅपटॉप घेऊन आली. वडील सुरक्षारक्षक, नवीन घेणं शक्य नव्हतं. मी एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, घातली, मिंट बसवलं. पोरगी हुशार. लिबरऑफिसमध्ये पत्र, तक्ता, सादरीकरण सगळं शिकली, टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून स्वतःच पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा बसवली. मग नोकरीसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राच्या क्लासला गेली. तिथे तिला सांगितलं की याचा इथे उपयोग नाही, परीक्षा एमएस ऑफिसवर आहे. “मावशी, मला सगळं येतं, पण बटण वेगळ्या जागी आहे म्हणून मला येत नाही असं ते धरतात,” असं ती म्हणाली तेव्हा मला काय बोलावं कळेना.

एमएस-सीआयटीने २००१ पासून मराठी घरांत कॉम्प्युटर नेला, हे मी कुणाच्याही तोंडावर मान्य करेन. माझ्या दुकानात येणाऱ्या कितीतरी बायकांनी माउस पहिल्यांदा त्या वर्गातच हातात धरला. पण त्या वेळी जे योग्य होतं त्यात आता भर घालायला हवी. सरकारी नोकरीसाठी जी संगणक अर्हता मागितली जाते, तिच्या परीक्षेत पत्र लिहिता येतं का, बेरीज लावता येते का, फाइल सुरक्षित ठेवता येते का, हे तपासावं. विद्यार्थ्याने ते एमएस ऑफिसच्या वर्डमध्ये केलं की लिबरऑफिसच्या रायटरमध्ये, हे त्याच्यावर सोडावं. सरकारी टंकलेखनाच्या परीक्षांनाही हेच लागू करावं.

हे होऊ शकतं का? केरळने केलं. २००१ मध्ये तिथे आयटी@स्कूल प्रकल्प सुरू झाला, पुढच्या काही वर्षांत सरकारी शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर आल्या आणि दहावीची मुलं आयटीची परीक्षा लिनक्सवर देऊ लागली. आज काइट ही तिथली सरकारी संस्था मल्याळमची सोय असलेली स्वतःची लिनक्स आवृत्ती शाळांना देते. तिथल्या शिक्षकांना आधी शिकवलं, मग मशीनं बदलली. हा क्रम महत्त्वाचा. फ्रान्सच्या जँडार्मरी या पोलीस दलाने उबंटू या लिनक्सच्या प्रकारावर बेतलेली आपली आवृत्ती गेली कित्येक वर्षं हजारो मशीनवर चालवली आहे. जर्मनीच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३० हजार सरकारी कॉम्प्युटर विंडोज आणि एमएस ऑफिसवरून हलवायचं ठरवलं. त्याच देशातलं म्युनिक शहर सुमारे १५ हजार मशीन लिनक्सवर नेऊन २०१७ मध्ये परत फिरलं, तेही सांगायला हवं. बाहेरच्या कचेऱ्यांशी फाइलींची देवघेव नीट जमत नव्हती, कारभाऱ्यांचं मन बदललं, कर्मचाऱ्यांच्या तक्रारी साठल्या. म्हणजे पुन्हा तेच: यंत्राच्या आत काही बिघडलं नव्हतं, त्याच्याभोवतीची कामाची साखळी जुळली नाही.

आणि आपल्याकडे काही नाही असंही नाही. सी-डॅकने २००७ मध्ये बॉस, म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्यूशन्स, आणली. ती डेबियन या लिनक्सच्या प्रकारावर बेतलेली आहे आणि मराठीसह भारतीय भाषांत वापरता येते. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने आपल्या कॉम्प्युटरसाठी उबंटूवर बेतलेली माया ओएस स्वीकारल्याचं वृत्त आलं. देशाच्या संरक्षणाला जे विश्वासाचं वाटतं ते वॉर्ड ऑफिसच्या खिडकीवर का चालू नये? आमच्या मुंबईतच, पवईच्या आयआयटीत, स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे. साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे, लिनक्स आणि लिबरऑफिससकट, अनेक मराठीतूनही आणि विनामूल्य. मी ते दुकानात गिऱ्हाइकांना लावून देते. इतकी चांगली गोष्ट घराजवळ असून चाळीतल्या शंभरातल्या एकालाही ठाऊक नाही, याचं वाईट वाटतं.

सगळ्यांनी उद्या लिनक्स घ्यावं असं मी म्हणत नाही. ज्यांचा धंदा टॅलीवर चालतो त्यांना मी विंडोजच ठेवायला सांगते. फ्लेक्सवाल्यांना कोरलड्रॉ लागतं, त्यांनाही. गेम खेळणाऱ्या पोरांसाठी व्हॉल्व्ह कंपनीच्या प्रोटॉन या सॉफ्टवेअरमुळे २०१८ पासून विंडोजवरचे पुष्कळ खेळ लिनक्सवर चालायला लागले, पण व्हॅलोरंट हा खेळ चालत नाही, आणि ते आधीच सांगितलं नाही तर पोरगं दुसऱ्या दिवशी दारात उभं राहतं. बाकी ज्या घरात कॉम्प्युटर म्हणजे ब्राउझर, व्हॉट्सअ‍ॅप वेब, मुलांचे प्रकल्प, वीजबिल आणि रात्रीची एक मालिका, त्या घरात लिनक्सने काही अडत नाही. निवृत्त शिक्षिका, रिक्षावाल्याची मुलं, देवळाचे पुजारी, सगळे माझ्याकडचे लिनक्सवाले आहेत. पहिल्या आठवड्यात फोन येतात, कुठे काय गेलं म्हणून. नंतर येत नाहीत.

पालिकेकडे आणि सरकारी कार्यालयांकडे माझी एक स्पष्ट मागणी आहे. विंडोज ११ घेत नाहीत म्हणून जे कॉम्प्युटर निर्लेखित, म्हणजे वापरातून बाद, होतील, त्यांचा लिलाव भंगार म्हणून करू नये. डिस्क नीट पुसून, लिनक्स बसवून, ते वाचनालयांना, अभ्यासिकांना आणि शाळांना द्यावेत. मुंबईत रात्री अभ्यासिकेत बसणारी मुलं आहेत, त्यांच्या घरी टेबल मांडायला जागा नाही. बसवण्याचं काम आयटीआयच्या विद्यार्थ्यांकडून करून घेता येईल, त्यांनाही हात बसवायला खरं काम मिळेल. शिकवायला आमच्यासारखे दुकानदार येतील. मी येईन.

आपल्या दैनिकाकडेही एक विनंती. पाककृतीचं सदर आहे, आरोग्याचं आहे, राशिभविष्य तर रोज आहे. आठवड्यातून एकदा कॉम्प्युटरवरही चार परिच्छेद द्यावेत, मराठी घराला उद्या सकाळी करून बघता येतील असे. पेनड्राइव्हवर मिंट कसं घ्यायचं, आपला प्रिंटर चालेल का ते आधी कसं बघायचं, जुन्या फॉन्टमधली आजोबांची वंशावळ युनिकोडमध्ये कशी आणायची, इन्स्क्रिप्टवर ‘ज्ञ’ कुठे सापडतो. सुरुवातीचे काही लेख मी लिहून द्यायला तयार आहे, मानधनाची अपेक्षा नाही.

आपली,
कॉम्प्युटर दुरुस्ती करणारी एक वाचक,
चिंचपोकळी, मुंबई